सत्तावीस डाव

दवनीवाडा
14 नोव्हेंबर 2011

सुकराम,

मी लक्ष्मीचंद. दवनीवाड्याचा. ज्याच्या घरी तुमी लोक दरसाली धान कापाले येत होते, तो. एकतीस वर्षं झाली म्हून पहिले ओळख सांगतली. तब्येतपानी नंतर. काम आहे म्हून लिहून राहिलो. फोन केला असता, पन फोनवर समोरचा मधातच बोलते अन् मंग सांगाचं ते राहून जाते.

गोष्ट अशी. आमच्या मैदानाजवळ सिमेंटचा मंच बांधला. त्याले गावातल्या सगळ्यात मोठ्या बॅट्समनचं नाव द्याचं ठरलं. आता गावात दोन पार्ट्या पडल्या. एक म्हनते दुर्गेश. हा दुर्गेश आजकालचा पोट्टा, टेनिस बॉलनं खेळते, छक्के मारते, बायकोपेक्षा बॅट जास्त पुसते. दुसरी पार्टी म्हाताऱ्याईची. ते म्हनतात लक्ष्मीचंद. म्हंजे मी. पानठेल्यावर रोज भांडन. शेवटी सरपंच नंदलाल म्हनला, तोंडं वाजवू नका, दोघाईचे रन काढा, पाहून घेऊ.

ते काम माह्या भावाची पोरगी रविता करून राहिली. कॉलेजात गणित शिकवते. जुन्या टीमचा स्कोअर घनश्याम लिहे. तो वारला, पन त्याचं रजिस्टर त्याच्या घरी पेटीत सापडलं. कडा वाळवीनं खाल्ल्या, आकडे साबूत.

आता कामाचं आयक. घनश्याम कधी बोलून गेला होता का चिचगडचा एक मानूस टीमसंगं फिरे. ते रविताच्या ध्यानात राहिलं. ती तुह्याकडं येनार आहे, जुन्या खेळाचं विचाराले. तिले काय सांगाचं ते लिहून देतो. खेळे लक्ष्मीचंद. तू टीमसंगं येत होता अन् बॉल धुऱ्याच्या, शेताच्या बांधाच्या, पलीकडं गेला का आनून देत होता. बस. बाकीचं तुह्या-माह्यात राहू दे. टूर्नामेंटात बाहेरगावचा मानूस चालत नव्हता, लिस्टीत नाव माहं होतं अन् त्या नावावर तू उभा राहे, हे आता सांगून कोनाचं भलं होनार? गावाचं नाव खराब होईल. तुहं बी होईल. खोट्या नावावर तू बी खेळलाच ना.

वाचून झालं का चुलीत टाकजो.

लक्ष्मीचंद


30 नोव्हेंबर 2011

सुकराम,

रविता आली जाऊन. सगळं सांगतलं तिनं. तू आंगनात बाजेवर बसला होता, तिले चहा देल्ला, गुडघे दुखतात म्हनला. तिनं विचारलं, माहे मोठेबाबा कसे खेळत होते? तू म्हनला, "बढिया खेळे लक्ष्मीचंदभाऊ. मी बॉल आनून देत होतो."

जसं मी लिहून पाठवलं, तसंच. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही.

मले बरं वाटाले पाहिजे होतं.

मंग रविता सहज बोलली का तुमचं पत्र रीनानं वाचून दाखवलं म्हने बाबाले. रीना म्हंजे तुही पोरगी, हे मले तेव्हा समजलं. तुले वाचता येत नाही हे मले माहीत होतं गा. पाच हिवाळे एका खळ्यात धानाच्या पेंढीवर झोपलो आपन. पन पत्र वाचनार कोन, याचा मी विचारच केला नाही. म्हंजे तुह्या पोरीनं आपल्या तोंडानं आपल्या बापाले सांगतलं, का बाबा, तू बॉल आनत होता असं म्हन. रविता म्हनते, ती पूर्ण टाईम दारातच उभी होती अन् एक शब्द बोलली नाही.

रीना, हे बी तूच वाचत असशील. थांबू नको. वाच.

अन् ते हाडजोड. पळसाच्या पानात बांधून तू वेल पाठवली. "त्याईच्या हाताले वाटून बांधाले सांग, थंडीत ठनकत असंल," असं म्हनला म्हने. सुखवंतानं, माह्या बायकोनं, लगेच पाट्यावर वाटलं, गरम केलं अन् मनगटाले बांधलं. वरून मलेच बोलली, जंगलातल्या मानसानं एवढी आठवन ठेवली, तुमी एक चिठ्ठी नाही टाकली इतक्या सालात. मी उठून बाहेर आलो. हात बांधलेला, आंगनात खुर्चीवर. येनारा-जानारा विचारे, काय काकाजी, जुनं दुखनं उठलं का? मी मान हालवे.

आज इतकंच.

लक्ष्मीचंद


11 डिसेंबर 2011

सुकराम,

माहा हात कधी मोडलाच नव्हता.

दोनदा लिहाले बसलो अन् दोनदा दुसरंच लिहून फाडलं, म्हून आता पहिलेच लिहून टाकलं. रीना, बाबाले हे दोनदा वाचून दाखव.

आता सुरुवातीपासून. 80 च्या जानेवारीत गोंदियाच्या एका राईस मिलच्या सेठनं टीम काढली होती. चांगल्या बॅट्समनले नोकरी देत होता. त्याचा मुनीम गावोगाव जाऊन रजिस्टरं पाहे. आमच्या गावात आला. घनश्यामनं रजिस्टर दाखवलं. मुनीमनं बोट फिरवलं अन् विचारलं, ये लक्ष्मीचंद कौन है भाई? तू तेव्हा खळ्यात होता, बैलाईच्या मांगं, मळनी चालू होती. मी तिथंच उभा होतो. मी हात वर केला.

एवढंच केलं. खोटं काही बोललो नाही. हात वर केला.

टीमचे सगळे तिथं होते. कप्तान छोटेलाल होता. कोनी काही बोललं नाही. गावचा पोरगा नोकरीले लागून राहिला, कोन बोलन?

मिलच्या पहिल्या मॅचमंदी मी झिरो. दुसरीत तीन. तिसरीत एक. सेठ काही बोलला नाही, पन मुनीम माह्याकडं अशा नजरेनं पाहे जसा वल्ला धान सुका म्हून कोनी गळ्यात मारला. चौथ्या मॅचले फिल्डिंग करता करता मी मुद्दाम पडलो. मनगट पकडून बोंबललो. वैद्यानं बांबूच्या पट्ट्या बांधल्या. त्यानं बी दाबून पाहालं होतं, त्याले समजलं असंल, पन त्याले काय, बांधल्या. सेठ भला मानूस. म्हनला, खेल गया तो गया, काम तो कर सकता है. मले काट्यावर बसवलं. धानाचे बोरे मोजाले. एकतीस वर्षं मोजले. रिटायर होऊन आता सहा महिने झाले.

त्याच साली बाबाले मी सांगतलं का औंदा चिचगडचे मजूर बोलवू नका, बालाघाटकडचे आना, स्वस्त पडतात. स्वस्त नव्हते पडत. तू गावात आला असता तर कोनीतरी मिलवाल्याले म्हनलं असतं, बॅट्समन पाहिजे तर हा पाहा. म्हून तुह्या साऱ्या घराचा हंगाम मी बंद केला. तुही माय, बाप, दोन्ही बहिनी. दोन महिन्याचं काम अन् सालभराचा धान.

तरी तू आला. डिसेंबरात, ट्रकवर बसून, गोंदियाले, मिलच्या गेटवर. चौकीदार म्हनला, कोई सुकराम आया है. मी खोलीत गेलो, पेटीतून जुनी पट्टी काढली, मनगटाले गुंडाळली अन् मंग बाहेर आलो. तू काही विचाराच्या पहिले हात पाहाला. दोन्ही हातानं धरला. म्हनला, "दुखते का?"

मी म्हनलो, दुखते.

तू गेला. तुले वाटलं, लक्ष्मीचंदचा हात गेला म्हून सगळं खतम झालं, टीम बी, बोलावनं बी. अन् इतके साल तू तेच धरून बसला. गावानं बी तेच धरलं. हात मोडला नसता तर लक्ष्मीचंद कुठच्या कुठं गेला असता, असं पोट्टे म्हनतात, ज्याईनं मले कधी बॅट धरलेलं पाहालं नाही. लोकाईसमोर मी अजून पान्याचा लोटा डाव्या हातानं उचलतो. घरात कोनी नसलं का उजव्या.

आता आकडे. रविताचा कागद समोर आहे, तोच पाहून लिहितो.

दुर्गेश: 142 डाव, 3976 रन. डावाले 28.

लक्ष्मीचंद: 64 डाव, 1483 रन. डावाले 23 अन् थोडे.

म्हातारे म्हनले, असा हिशोब चालत नाही. आमच्या टायमाले कार्कचा बॉल होता, दगडासारखा. मैदान कुठचं, धान कापलेल्या बांधीत, वावरात, खेळ. पहिल्या धुऱ्यापार गेला तर दोन, दुसऱ्या धुऱ्यापार गेला तर चार. छक्का नावाची चीज नव्हतीच. अन् बोडीत, तलावात, बॉल गेला तर आऊट, कारन का बॉल एकच राहे. रविता म्हनली, ठीक आहे, दुर्गेशचे 211 छक्के मी चौकेच धरते. तरी त्याचे डावाले 25 आले. दुर्गेश पुढंच राहिला. पोट्टे नाचले.

मंग सरपंच नंदलाल म्हनला, आकडा दुर्गेशचा मोठा, मान्य. पन लक्ष्मीचंदभाऊचा हात मोडला. नाही तर किती झाले असते? दुर्गेशचे तर अजून होनार. नाव भाऊचं द्या.

सगळे हो म्हनले. दुर्गेश बी. कसा म्हनला मालूम? "हाताले कोन काय करन, काकाजी."

त्या खोट्या हातानं जिंकलो मी.

एकटी रविता बोलली नाही. घरी आली अन् कागद पुढं ठेवला. तिनं महिन्याप्रमानं आकडे लावले होते. डिसेंबर-जानेवारी: 27 डाव, 1134 रन, डावाले 42. फेब्रुवारी ते मे: 37 डाव, 349 रन, डावाले नऊ. तिनं विचारलं, मोठेबाबा, धान मळाच्या दिवसातच तुमची बॅट काऊन चालत होती?

मी म्हनलो, थंडीत बॉल चांगला येते बॅटवर.

ती म्हनली, पाची साल?

मी म्हनलो, तुले खेळातलं काय समजते.

तिनं कागद घडी करून ठेवला. समजलं असंल तिले. गणितवाली आहे.

मी सातवी शिकलो, पन भागाकार येते. 1134 भागिले 27 मी स्वतः तीनदा करून पाहाला. बेचाळीसच येते. सुकराम, तू दुर्गेशच्या पुढं आहे. त्याचे छक्के छक्के धरले तरी पुढं. कार्कच्या बॉलवर, पायात काही न घालता, दिवसभर मळनी करून. अन् सत्तावीस डावात एकदा बी तुहा बॉल बोडीत गेला नाही, हे घनश्यामच्या रजिस्टरात दिसते. मी दोनदा घातला होता.

लक्ष्मीचंद


19 जानेवारी 2012

सुकराम,

मंचावर नाव रंगवाले मानूस आला होता. लिहून झालं. मी जाऊन पाहून आलो. निळ्या रंगात आहे, अक्षर मोठं काढलं. तिथं पाच-सहा लोक होते. मी काही बोललो नाही.

लक्ष्मीचंद


28 जानेवारी 2012

सुकराम,

परवा 26 ले मंचाचा कार्यक्रम झाला. सांगतो.

शाल, नारळ, माईक, खुर्च्या, सगळा फालतूपना होता. नंदलाल अर्धा तास बोलला. मंग मले बोलाले उभं केलं. मी लांबन लावली नाही. म्हनलो, हे नाव चुकीचं लिहलं. रजिस्टरातले सत्तावीस डाव माहे नाहीत. चिचगडचा सुकराम आमच्याकडं धान कापाले येत होता, ते डाव त्याचे. मी डावाले नऊ रन काढनारा मानूस. अन् माहा हात कधी मोडला नाही. पट्टी खोटी होती.

मंग कोनीतरी टाळी वाजवली. मंग सगळ्याईनं.

आयकून घे, काय झालं ते. नंदलालनं माईक घेतला अन् म्हनला, पाहा, याले म्हनतात मोठा मानूस. आपलं श्रेय दुसऱ्याले, अन् ते बी एका गरीब मजुराले देऊन राहिला. आजकालच्या पोट्ट्याईनं शिकावं. बाया डोळे पुसून राहिल्या होत्या. मी ओरडलो, अरे खरं आहे हे! जेवढा ओरडलो तेवढ्या टाळ्या जास्त. छोटेलाल पहिल्या लाईनीत बसला होता. अकरा जनातला तोच एक आता गावात आहे. मी त्याले म्हनलो, छोटेलाल, तू कप्तान होता, तू सांग गा. तो खाली पाहात म्हनला, "जाऊ दे ना भाऊ. झालं ते झालं, चांगलं चालून राहिलं."

नारळ हातात घेऊन घरी आलो. बाहेर लोक मले पहिल्यापेक्षा जास्त रामराम करतात. काल पानठेलेवाल्यानं पानाचे पैसे घेतले नाहीत. म्हनला, तुमच्यासारखा मानूस नाही. सुकराम, खोटं बोललो तर मान भेटला, खरं बोललो तर डबल. जिथं तोंड दाखवाले लाज वाटाले पाहिजे, तिथं लोक पायाले हात लावून राहिले. ते जास्त जड जाते.

घरी सुखवंताले मात्र टाळ्या वाजवाच्या नव्हत्या. तिनं विचारलं, खरं का? मी म्हनलो, खरं. ती चुलीजवळ बसून राहिली. मंग म्हनली, "त्या मानसाचं औषध मी तुमच्या हाताले बांधलं." त्यानंतर दोन दिवस झाले, जेवाले वाढते, बोलत नाही. बराबर आहे तिचं.

काल दुपारी दुर्गेश आला, रविता संगं. तिनं त्याले कागद दाखवला होता, महिन्याप्रमानं मांडलेला. त्या पोट्ट्यानं टाळी वाजवली नव्हती, मी मंचावरून पाहालं होतं. दारातूनच म्हनला, "काकाजी, बेचाळीस? कार्कच्या बॉलवर?"

मी म्हनलो, हो.

"अन् तुमचे नऊ?"

हो म्हनलो.

"म्हंजे मी दहा सालापासून तुमच्यावर फालतूच जळून राहिलो होतो." मंग हासला, मंग लगेच हासनं गेलं. म्हनला, मंचावरचं नाव पुसाले नंदलाल तयार नाही, मी विचारून आलो. म्हनते, मानूस भावनेच्या भरात बोलला. पन तो मानूस मले पाहाचा आहे. बोडी डाव्या हाताले अन् बॉल आंगावर, तरी सत्तावीस डावात एकदा बी बोडीत नाही, हे कसं केलं ते त्याईच्या तोंडून आयकाचं आहे.

तो रविवारी मोटरसायकलनं चिचगडले येऊन राहिला. हे पत्र त्याच्याच हाती देतो. तू त्याले वाटन ते सांग. सगळं सांग. मी पहिल्या पत्रात जे म्हन म्हनलो होतो, ते आता म्हनू नको. हात जोडून नाही सांगत, हात जोडाची माही लायकी नाही. सरळ सांगतो.

मी येत नाही. दुर्गेश म्हनला, चला मांगं बसून. मी नाही म्हनलो. तू मले आंगनात बसवशील, चहा देशील अन् हात कसा आहे विचारशील. ते माह्यानं होनार नाही. निदान आत्ता नाही.

माफी मांगत नाही. ती मांगितली का देनाऱ्याले द्यावी लागते, हे बी एक ओझं तुह्याच डोक्यावर कायले टाकू.

एक काम मात्र आज सकाळपासून करून राहिलो. मंच नंदलालचा असू दे, रजिस्टर माह्या घरी आहे. घनश्यामच्या पोराले विचारून घेतलं, तो म्हनला, करा. डिसेंबर-जानेवारीची पानं काढली. जिथं जिथं माहं नाव आहे तिथं रेघ मारली अन् वर तुहं लिहाले घेतलं. पहिल्याच पानावर अडलो. रजिस्टरात पूर्ण नाव लिहाची पद्धत होती. नाव, बापाचं नाव, आडनाव. टीममधल्या प्रत्येकाचं तसं आहे. मी सुकराम लिहलं अन् पेन थांबला.

तुह्या बापाले आमी म्हातारा म्हनत होतो. आडनाव तर मी कधी विचारलंच नाही. पाकिटावर बी लिहलं ते काय, पहिले नुसतं सुकराम, चिचगड, अन् रीनाचं समजल्यावर सुकराम, अंगणवाडीवाल्या रीनाचे बाबा. पाच हिवाळे तू माह्या पूर्ण नावानं उभा राहाला, अन् मले तुहं पूर्ण नाव मालूम नाही.

रविताले मालूम आहे, तिच्या वहीत लिहलं आहे. ती सांगाले बी लागली होती. मी म्हनलो, थांब, मी त्यालेच विचारतो.

तर विचारून राहिलो. द्याचं का नाही, ते तू पाहा. द्याचं असंल तर रीनाले एका कागदावर लिहाले सांगजो, मोठ्या अक्षरात, मले आता बारीक दिसत नाही. बापाचं नाव अन् आडनाव, दोन्ही.

लक्ष्मीचंद